कॅम्पात एकच काडतूस

ऑगस्ट संपत आला की दुकानात नवे शिकारी यायला लागतात. काउंटरवर दोन्ही हात टेकवून मागच्या फळ्यांवरची खोकी बघतात आणि सगळे एकच विचारतात : हरीण, मूस, अस्वल, सगळ्यांना चालेल असं एकच काडतूस कुठलं? मग आवाज उतरवून सांगतात, बायको दुसरी बंदूक घेऊ द्यायची नाही.

या प्रश्नाला उत्तर देण्यात माझी निम्मी उमर गेली. मी वसईच्या वाडीतला, आठवीत शाळा सोडलेला. केळीला पाणी सोडणं आणि फुलांच्या टोपल्या बांधणं एवढंच येत होतं. आमच्या घरात बेचकीनेसुद्धा कुणी पाखरू पाडलं नव्हतं. असा माणूस टोरांटोपासून दिवसभर उत्तरेला गाडी हाकल्यावर लागणाऱ्या एका गावात लोकांना काडतुसं निवडून देतो, हे गावाकडे अजून कुणाला खरं वाटत नाही. मलाही सकाळी दुकानाचे दिवे लावताना थोडी धाकधूक असते, की आज कुणीतरी येईल आणि म्हणेल, तुम्ही चुकून इथे उभे आहात, जरा बाजूला व्हा.

अजून तसं कुणी म्हटलेलं नाही. त्याबद्दल मी देवाचा, या गावाचा आणि आमचे मालक ग्लेन यांचा ऋणी आहे.

पण गावाकडच्या नाताळच्या अंकात लिहायचं तर खरं लिहावं. इतक्या माणसांना मी काडतुसं देऊन जंगलात धाडलं, त्यातल्या एकानेच मला कधी ‘तूही ये’ म्हटलं. आणि मी नको म्हणालो. तसं बोलावणं परत मिळेल का, याच काळजीत माझी पुढची दीड-दोन वर्षं गेली. त्याचीच ही हकीकत आहे. काडतुसांची माहिती वाटेत येईल.

मेव्हण्याने आम्हाला कॅनडात बोलावून घेतलं. टोरांटोशेजारच्या मिसिसागात, विमानतळाजवळच्या एका गोदामात मी खोकी उचलायचो. ते गोदाम बंद पडलं, तेव्हा एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, वर उत्तरेत शिकारीच्या एका दुकानात माल लावायला माणूस हवाय. थंडी सोसेल का? मी म्हटलं, सोसेल. आगीत उभा राहशील का विचारलं असतं, तरी हो म्हटलं असतं. कामाला मी कधी नको म्हटलं नाही. मायेने कुणी काही पुढे केलं तर मात्र आधी नको म्हणायचं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

मागच्या खोलीतून काउंटरवर यायला बंदुकीचं लायसन्स लागतं, आणि त्यासाठी कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. परीक्षा म्हटल्यावर मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. शिकवणाऱ्या बाईंनी माझा चेहरा बघितला असावा. म्हणाल्या, ‘इथे हुशार माणूस नको आहे मला. सावकाश माणूस हवाय.’ सावकाशपणात मी पास झालो. माझं नाव इनास, त्याचं तोवर इग्गी झालं होतं. तसा बिल्ला ग्लेननी स्वतः माझ्या शर्टाला लावला.

आता धंद्याचं थोडं सांगतो. काडतूस म्हणजे एक पितळी नळी. तिच्या तोंडाशी गोळी, पोटात दारू आणि बुडाला ठिणगी पाडणारी बारीकशी टोपी. गोळी जाड की बारीक, नळीत दारू किती, यावरून त्यांची नावं पडतात, आणि प्रत्येक बंदुकीला तिचंच काडतूस चालतं. दुसरं घालून बघू, असं चालत नाही, जीव जाईल. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते ‘थर्टी-ऑट-सिक्स’. शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि कुठल्याही खेड्यातल्या पेट्रोल पंपावरच्या दुकानातसुद्धा मिळतं. हलकी गोळी घातली की हरणाला बरं, जड घातली की मूसला. मूस म्हणजे घोड्याएवढं उंच आणि म्हशीहून वजनदार असं इथलं हरीण.

मग सगळ्यांना तेच का देत नाही? कारण जेवढा जोर गोळीत, तेवढाच धक्का खांद्याला. नव्या माणसाला वाटतं, मोठं जनावर म्हणजे मोठं काडतूस. तो मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं काडतूस, घेऊन जातो. पहिल्या दोन बारांत खांदा ठेचतो आणि तिसऱ्याला, चाप ओढायच्या आधीच, डोळे मिटतात. डोळे मिटून मारलेली गोळी जनावराच्या पोटात लागते. ते मरत नाही, जखम घेऊन झाडीत जातं, आणि मग माणसं अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरतात. अशी माणसं दुकानात परत येतात तेव्हा खाली बघून बोलतात. म्हणून मी आधी जनावराचं विचारतच नाही. खांद्याचं विचारतो.

डेनिस नावाची एक बाई आहे, शाळेची बस चालवते, चणीने माझ्या बायकोएवढी, आमच्या फिलूएवढीच. तिच्या नवऱ्याने वाढदिवसाला तिला मॅग्नम बंदूक दिली होती. ती काउंटरवर ठेवून म्हणाली, ‘इग्गी, ही घे आणि मला अशी दे, जी मला मारणार नाही.’

मी तिला ‘सेव्हन-एमएम-ओ-एट’ दाखवलं. आखूड नळी, मध्यम गोळी, धक्का बराच कमी. जवळून, पुढच्या पायामागे, फुप्फुसात नीट मारली तर मूससुद्धा जागच्या जागी बसतो.

नवरा मागे उभा होता. म्हणाला, ‘एवढ्याशाने मूस पडतो?’

‘नीट बघून मारला तर,’ मी म्हटलं.

‘मग मी मारते एवढ्याशाने,’ डेनिस त्याला म्हणाली, ‘आणि माझी ती तोफ तू घे. हॅपी बर्थडे.’

त्या वर्षी तिला मूस मिळाला. नवऱ्याला नाही. तिने मला मांसाचा एक मोठा तुकडा आणून दिला. मी आधी नको-नको केलं. ती ऐकायला थांबलीच नाही, काउंटरवर ठेवून गेली. तो तुकडा मी एकट्याने आठवडाभर खाल्ला, कारण तोवर फिलू गेली होती.

गेली म्हणजे वाईट अर्थाने नाही. फिलोमिना तिचं पूर्ण नाव. मुलगी शिकायला मिसिसागाला गेली, तिथेच तिचं लग्न झालं, बाळ झालं, आणि फिलू थोडे दिवस मदतीला म्हणून गेली. मग दुसरं बाळ झालं. मदत अजून चालूच आहे. मीही का जात नाही, असं सगळे विचारतात. साठीला आलेल्या आठवी शिकलेल्या माणसाला तिथे कोण कामावर ठेवणार? इथे निदान माझा बिल्ला आहे. मी एका बेसमेंटमध्ये राहतो, वरच्या म्हाताऱ्या बाईंचा ड्राइव्हवेवरचा बर्फसुद्धा मीच शोव्हल करतो. रविवारी चर्चमध्ये दहा-बारा डोकी असतात. नातवंडं फोनवर ‘हाय ग्रँडपा’ म्हणतात आणि पळतात. हिवाळ्यात कधीकधी दिवसभरात फक्त गिऱ्हाइकांशीच बोलणं होतं. म्हणजे काय, खांदा कसा आहे, एवढंच.

ज्याने मला बोलावलं त्याचं नाव रे. सत्तरीचा, कागदाच्या गिरणीतून रिटायर झालेला, कमी बोलणारा. तो आणि त्याचे गिरणीतले तीन दोस्त ऑक्टोबरात आठवडाभर मूसच्या मागे जायचे. त्यांचा कॅम्प म्हणजे तळ्याकाठची लाकडी खोली, चार खाटा आणि एक शेगडी. त्या कॅम्पाचा एक नियम होता : सगळ्यांच्या बंदुका एकाच काडतुसाच्या. पूर्वी म्हणे एकाची वेगळी होती. तो आपली काडतुसं घरी टेबलावर विसरून आला. गाव लांब, आणि दुसऱ्यांची त्याच्या बंदुकीत बसेनात. आठवडाभर त्याने बसून स्वयंपाक केला. तेव्हापासून चौघांनी थर्टी-ऑट-सिक्स धरलं. ज्याचं संपेल, भिजेल, विसरेल, त्याने शेजाऱ्याकडे हात पुढे करायचा. हा रिवाज इथे बऱ्याच कॅम्पांत आहे. दुकानात कुणी काडतूस बदलायला आला, की मी विचारतो, तुझ्याबरोबर आणखी कोण असतं?

दर सप्टेंबरात रे चौघांसाठी एकदम खरेदी करायचा.

‘रे, लायसन्स,’ मी म्हणायचो.

‘इग्गी, त्यावरचा फोटो आता माझ्यापेक्षा तुलाच जास्त पाठ आहे.’

‘तरी दाखव.’

तो दाखवायचा. आमची ओळख एवढीच, पण मी सप्टेंबरची वाट बघायचो.

एका हिवाळ्यात त्यांच्यातला एक गेला. त्या सप्टेंबरात रेने तिघांपुरतीच खोकी घेतली. पिशवी उचलली आणि परत खाली ठेवली.

‘एक खाट रिकामी आहे,’ तो म्हणाला. ‘तुला यायचं असेल तर.’

माझे कान गरम झाले. इतक्या वर्षांत या गावात मला कुणी कुठे बोलावलं नव्हतं. आणि माझ्या तोंडातून आलं, ‘नको नको, मी कशाला? इथे दुकान कोण बघणार?’ हसत हसत, मान खाली घालून, स्वच्छ काउंटर पुन्हा पुसत.

आमच्याकडे हे असंच असतं. कुणी जेवायला बस म्हटलं की पहिल्यांदा नको, आत्ताच जेवून आलो. दुसऱ्यांदाही नको, पण जरा मऊ आवाजात. तिसऱ्यांदा खुर्ची ओढायची. पहिल्या हाकेला बसला तो हावरट. यजमानालाही हे माहीत असतं, तोही तिसऱ्यांदा म्हणायच्या तयारीनेच सुरुवात करतो. मी काउंटर पुसत रेच्या दुसऱ्या हाकेची वाट बघत होतो.

‘फेअर इनफ,’ रे म्हणाला. पिशवी उचलून गेला. दारावरची घंटा वाजली.

संध्याकाळी फिलूला फोन केला.

‘मग?’ ती म्हणाली.

‘मग काय, तो गेला.’

‘तू नको बोललास?’

‘एकदाच बोललो.’

‘अरे इनास, तू काय रुसलेला जावई आहेस? तुझ्या हनुवटीला हात लावून तो म्हातारा म्हणणार, चला ना पाव्हणे, चला ना? इतकी वर्षं काढलीस या देशात!’

‘आता काय करू?’

‘जाऊन सांग, येतो म्हणून.’

‘आता कसं सांगणार? लाचार दिसेल.’

‘मग बस तिथेच खोक्यांवरची धूळ झटकत,’ ती म्हणाली. मागे बाळ रडायला लागलं आणि तिने फोन ठेवला. थोड्या वेळाने परत फोन करून विचारलं, जेवलास का.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. शिकारीच्या आठवड्याची सुट्टी ग्लेनकडे आधीच मागून ठेवली. कारण सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. आरशासमोर उभं राहून ‘येस, थँक यू’ म्हणून बघितलं. रे आला. लायसन्स दाखवलं. तिघांपुरती खोकी घेतली. हवेबद्दल बोलला. मी पिशवीत खोकी जितकी सावकाश भरता येतील तितकी भरली. तो म्हणाला, ‘सी यू, इग्गी,’ आणि गेला. त्याच्या हिशोबी तो प्रश्न मिटला होता. माणूस नको म्हणाला, त्याचा मान ठेवायचा, त्याला परत अडचणीत का टाकायचं? यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

ती सुट्टी मी बेसमेंट रंगवण्यात घालवली.

त्याच हिवाळ्यात एक तरुण दुकानात आला. मी फिलूशी फोनवर बोलत होतो ते ऐकून एकदम म्हणाला, ‘काका, तुम्ही मराठी?’ मूळचा नागपूरचा, राजधानीजवळच्या कनाटात टेलिकॉम कंपनीत होता, ऑफिसातल्या लोकांबरोबर हरणाच्या शिकारीला जायला लागला होता. काडतूस त्याने आधीच वाचून ठरवलं होतं, थ्री-ओ-एट, आणि अगदी योग्य ठरवलं होतं. मी त्याला बूट दाखवले. तासभर बोललो आम्ही, सावजीचा रस्सा, वसईचं आंबट-तिखट इंदेल, थंडीत हात कसे उलतात. निघताना म्हणाला, ‘काका, कनाटाला या ना एकदा.’ मी म्हटलं, नको, तुम्हाला कशाला त्रास. ‘त्रास कसला? यायचंच. बायकोला सांगून ठेवतो. या हां, नक्की!’ तीनदा म्हणाला तो. माझे डोळे भरून आले.

गाडी निघून गेल्यावर लक्षात आलं, त्याने पत्ता दिला नव्हता. मीही मागितला नव्हता. चांगला मुलगा होता, मनापासूनच बोलत होता. पण त्या रात्री मला सारखं वाटत राहिलं : त्याने तीनदा बोलावलं आणि कुठे यायचं ते राहिलं. रेने एकदाच बोलावलं, पण त्याच्याकडे खाट होती.

एप्रिलमध्ये, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला असताना, रे अवेळी दुकानात आला. उजवा हात अंगाशी धरलेला. खांद्याचं ऑपरेशन झालं होतं.

‘डॉक्टर म्हणतो, थर्टी-ऑट-सिक्स विसर,’ तो म्हणाला. ‘हरीण आणि मूस दोन्हीला चालेल, आणि या खांद्याला झेपेल, असं काय आहे?’

मी सेव्हन-एमएम-ओ-एटचं खोकं उघडून एक काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं. मूसच्या वेळी पूर्वीसारखं लांबून मारायचं नाही, हे सांगितलं. तो बोटांनी ते फिरवत राहिला.

‘दोस्त हसतील म्हणून बघतोयस?’ मी विचारलं.

‘हसायला कोण आहे?’ रे म्हणाला. ‘एक मुलाकडे राहायला गेला, पार पश्चिमेला. दुसऱ्याला आता दिसत नाही. कॅम्पात आता मीच.’

मी खोकं त्याच्याकडे सरकवलं.

त्याने काडतूस परत खोक्यात ठेवलं. ‘चांगलं आहे. पण हे विसरलो, तर मागायचं कुणाकडे?’ हसल्यासारखं केलं. ‘जाऊ दे, इग्गी. या वर्षी बहुतेक जातच नाही.’ आणि दाराकडे वळला.

मी दारावरच्या त्या घंटेकडे बघितलं. ती एकदा वाजली की झालं, हे मला माहीत होतं.

‘रे,’ मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा निघाला. ‘याच काडतुसाची बंदूक मी घेतो. म्हणजे कॅम्पात दोन होतील.’

तो थांबला. ‘तू शिकार करत नाहीस.’

‘नाही.’

‘नको म्हणाला होतास.’

‘हो. पण मला यायचं होतं.’

हो आणि नको एकाच वेळी कसं असू शकतं, हे त्याला समजावायची माझी तयारी होती. पण त्याने विचारलं भलतंच.

‘स्वयंपाक येतो?’

‘येतो.’

‘फेअर इनफ,’ रे म्हणाला आणि परत काउंटरशी आला.

शिकारीच्या लायसन्ससाठी परत कोर्स, परत परीक्षा, परत शेवटचा बाक. सुट्टी मागायला गेलो तेव्हा ग्लेन म्हणाले, ‘मागच्या खेपेला काय केलंस?’ मी म्हटलं, बेसमेंट रंगवलं. त्यांनी फळीवरची भगवी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. जंगलात दुसऱ्या शिकाऱ्याला आपण दिसावं म्हणून ही टोपी सक्तीची असते. सप्टेंबरात नेमबाजीच्या मैदानावर रेने नवी बंदूक खांद्याला लावली. मी गोळीकडे नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. मिटले नाहीत.

मग कॅम्प. निघायच्या आधी मी सगळं दोन-दोनदा तपासलं : मोजे, टॉर्च, औषधं, इंदेलचा मसाला, रोझरी. तळ्याकाठी पोहोचून सामान उघडलं, पिशवी उलटी केली. काडतुसं नव्हती. बेसमेंटमधल्या टेबलावर, मसाला दळून ठेवला होता त्याच्या शेजारी, मी ती नीट मांडून आलो होतो. उभी हयात काडतुसं विकलेला माणूस!

रेने आपलं खोकं उघडलं, अर्धी काडतुसं मोकळी करून टेबलावरून माझ्याकडे सरकवली. मग इतका हसला, की दुखरा खांदा धरून खाली बसला.

शिकारीची गोष्ट म्हणाल तर ती फारशी नाही. दोघांनी वेगवेगळ्या टेकाडांवर बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. मला तर ते बेसमेंटसारखंच वाटलं, फक्त तळ्याच्या पलीकडे एक भगवी टोपी दिसत होती. एकटेपण तेच होतं. हाकेच्या अंतरावर दुसरं एक होतं, एवढंच. एका संध्याकाळी आम्ही दोघं एका टेकाडावर असताना मोठा नर बाहेर आला आणि समोरच्या काठावर पाण्यात उभा राहिला. रेने बंदूक उचलली, दुर्बिणीतून बघितलं आणि खाली ठेवली. ‘आपल्याला लांब आहे,’ म्हणाला. जुन्या बंदुकीने कदाचित त्याने बार काढला असता. आम्ही तो पाणी पिऊन जाईपर्यंत बघत बसलो.

त्या संध्याकाळी मी रेच्या जुन्या साठ्यातल्या मूसच्या मांसाला इंदेलचा मसाला लावून रस्सा केला. शेगडी भडकली होती. दोन खाटांवर आमचं अंथरूण, दोन खाटा नुसत्याच. रेने घाम पुसत, नाक ओढत दोनदा घेतलं.

‘अजून?’ त्याने पळी माझ्याकडे करून विचारलं.

‘नको, पुरे,’ मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

बाहेर वारा होता. मी त्या झाकणाकडे बघत बसलो. खरं म्हणजे दिवसभर थंडीत बसून मला सपाटून भूक लागली होती.

‘रे,’ मी म्हटलं. ‘मला हवंय अजून.’

त्याने माझ्याकडे बघितलं, झाकण काढलं आणि भांडं माझ्यासमोर सरकवलं. मी ताट भरून घेतलं. झाकण त्याच्या हातातच होतं. ते त्याने भिंतीशी टेकवून ठेवलं, आणि आम्ही कॅम्पात होतो तोवर मी जेवत असताना परत कधी भांड्यावर घातलं नाही.